बुद्धिवर्धक बाटली आणि आपली चूल

परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे चंद्रपूर, मूल, ब्रह्मपुरी, गडचिरोली येथील बाजारांत स्मरणशक्ति वाढविणाऱ्या बाटल्यांस एकाएकीं मागणी येते. कोणी ब्राह्मीचें तेल नेतो, कोणी काढा, कोणी बदामांचा पुडा. मुलांच्या अभ्यासाविषयीं पालकांची ही तळमळ आम्हांस आदरणीय वाटते. परंतु जेथें घरखर्च मोठ्या काटकसरीनें चालतो, तेथें खर्चिलेला रुपया मुलाच्या मेंदूच्या खरोखर उपयोगीं पडतो काय, हें विचारणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. आमच्या मतें या दोन जिल्ह्यांतील मुलांच्या बुद्धीस प्रथम हवें तें रक्तांत लोह, मिठांत आयोडिन, सकाळीं पोटभर अन्न आणि हिवतापापासून संरक्षण. बाटलीचा विचार त्यानंतर करावा.

ब्राह्मीची आम्ही निंदा करीत नाहीं. आपल्याकडे या एका नांवानें दोन वनस्पति ओळखल्या जातात: ओलसर जागीं पसरणारी, गोल पानांची मंडूकपर्णी व बारीक, मांसल पानांची जलब्राह्मी. दुसरीवर लखनौच्या केंद्रीय औषधि संशोधन संस्थेनें पुष्कळ काम केलें आहे. प्रौढ माणसांवरील कांहीं लहान प्रयोगांत ती सुमारें १२ आठवडे नित्य घेतल्यावर पाठ केलेलें आठवण्यांत थोडी सुधारणा दिसली. परीक्षेस पंधरा दिवस उरले असतां बाटली आणणाऱ्यास हा हिशेब दुकानदार सांगत नाहीं!

रानांतली वस्तु म्हणजे निरुपद्रवी, हाहि एक गोड गैरसमज आहे. बाळाची वाचा लवकर फुटावी म्हणून वेखंड उगाळून चाटवितात. त्यांतील एका द्रव्यानें उंदरांस अर्बुद होतें असें आढळल्यामुळें अमेरिकेनें १९६८ सालीं खाद्यपदार्थांत वेखंड घालण्यास बंदी केली. सहा महिन्यांपर्यंत बाळास आईच्या दुधावांचून कांहींच चाटवूं नये, हें उत्तम. तसेंच धान निघाल्यावर शेताच्या ओलीवर येणारी आपली लाखोळी. थोडी, इतर अन्नाबरोबर खाल्ली तर भीति नाहीं. परंतु दुष्काळांत महिनेच्या महिने तिच्यावरच राहिलेल्या माणसांचे पाय कायमचे लुळे पडल्याचा इतिहास आहे, कारण तिच्यांतील विष मज्जारज्जूंतील तंतूंस मारतें. डाळ गरम पाण्यांत भिजवून तें पाणी फेकून दिल्यास विष बरेंच कमी होतें.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. वर्गांत डुलक्या घेणारें, सांगितलेलें विसरणारें मूल आपण सहज ‘मठ्ठ’ म्हणून मोकळे होतों. पुष्कळदां त्याच्या रक्तांत लोह नसतें. लोहाच्या उणिवेनें रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति घटते, आणि अगदीं लहान वयांत ती उणीव दीर्घ काळ राहिली तर शिकण्याच्या शक्तीवर होणारा परिणाम पुढें पुरता भरून येत नाहीं. म्हणूनच २०१३ पासून सरकारतर्फे शाळांतून किशोरवयीन मुलामुलींस दर आठवड्यास लोहाची निळी गोळी देण्यांत येते. ती रिकाम्या पोटीं घेतल्यास मळमळते, आणि मग ती खिडकीबाहेर जाते, हें आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही सांगावयास नको! गोळी जेवणानंतर घ्यावी. मात्र आपल्या भागांत सिकलसेलचा आनुवंशिक रोगहि पुष्कळ आहे. अशा मुलांनीं डॉक्टरांस विचारल्याशिवाय लोह घेऊं नये. त्यासाठीं प्रत्येक मुलाचें रक्त एकदां तपासून घेणें अवश्य आहे.

गोळीबरोबर चूलहि आहेच. अंबाडी, तरोटा, शेवगा, हातगा या पाल्यांची ओळख आपल्या आयाबायांस कोणत्याहि शाळेंत न जातां झालेली आहे, डॉ. राणी बंग यांनीं ‘गोईण’ या पुस्तकांत गडचिरोलीच्या स्त्रियांचें झाडांविषयींचें ज्ञान नोंदविलें आहे, तें पालकांनीं अवश्य वाचावें. पालेभाजींतील लोह अंगीं लागण्यास कठीण, पण सोबत आवळा किंवा लिंबू असल्यास तें अधिक लागतें आणि जेवणावर लगेच चहा घेतल्यास कमी. मालगुजारी तलावांतील लहान मासळी, अंडीं, ज्यांच्या घरीं चालतात त्यांनीं मुलांस अवश्य द्यावीं.

आणि जवस! या आपल्या जुन्या पिकांत सुमारें चाळीस टक्के तेल असून त्याचा निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३ या स्निग्ध द्रव्याचा असतो. मेंदूस लागणारें द्रव्य शरीर त्यापासून थोडेंच बनवितें हें खरें. मासळीचें काम जवस पूर्ण करीत नाहीं. तथापि ज्या बदामासाठीं आपण एवढा पैसा मोजतों, त्यांत हें द्रव्य जवळजवळ नाहींच. जवस भाजून, कुटून चटणी करावी. अख्खे दाणे न पचतां निघून जातात. ज्या घरांतून चारोळी गोळा होऊन बाजारांत जाते, त्याच घरांत तिच्या पैशांतून बिस्किटें येतात, हा व्यवहार आम्हांस कधींच समजला नाहीं.

मिठाविषयीं थोडक्यांत. आयोडिनाच्या अभावीं गर्भांतील बालकाच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि टाळतां येण्याजोग्या मेंदूच्या हानीचें तें जगांतील एक प्रमुख कारण मानलें जातें. भारतांत २००६ पासून खाण्यासाठीं आयोडिनरहित मीठ विकण्यास मनाई आहे. तरी मीठ घेतांना पुड्यावरील खूण पाहावी, आणि तें झाकून ठेवावें.

शेवटीं हिवताप. महाराष्ट्रांत हिवतापाचा सर्वांत मोठा भार गडचिरोली जिल्हा वाहतो. त्यांतील फाल्सिपेरम जातीचा ताप मेंदूंत शिरला म्हणजे झटके येतात, शुद्ध हरपते. वांचलेल्या मुलांपैकीं कित्येकांची स्मृति व लक्ष पुढें दुबळें राहतें. असा एक ताप वर्षानुवर्षांच्या पोषणावर पाणी फिरवितो. म्हणून मच्छरदाणी पावसाळ्यांत पेटींत ठेवूं नये. मुलास ताप येतांच त्याच दिवशीं आशाताईकडे नेऊन रक्ताचा थेंब तपासावा व निघालेलें औषध पुरतें संपवावें. ज्यांची पुजाऱ्यावर श्रद्धा आहे, त्यांनीं त्याच्याकडेहि खुशाल जावें. पण रक्त आधीं तपासावें, पुजाऱ्याकडे जाण्यास मग वेळ उरतोच.