अकाली तडकणाऱ्या बेअरिंगची स्वतंत्र तपासणी व्हावी : मागणीपत्र

प्रति,
मा. सचिव, नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय, नवी दिल्ली
मा. महासंचालक, राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था, चेन्नई

विषय : पवनचक्कीच्या गियरबॉक्समधील रोलर बेअरिंगना मुदतीआधी जाणारे तडे

महोदय,

महाराष्ट्रातील वनकुसवडे, चाळकेवाडी, ब्राह्मणवेल येथील पठारांवर पवनचक्क्यांची देखभाल करणाऱ्या अभियंत्यांची आणि तंत्रज्ञांची आमची संघटना आहे. आयईसी ६१४००-१ या मानकानुसार पवनचक्की किमान २० वर्षे चालावी अशी तिची रचना करतात. गियरबॉक्सची बेअरिंग मात्र कधी कधी दोन-तीन वर्षांतच तडकतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने संकलित केलेल्या नोंदींत गियरबॉक्सच्या बिघाडांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश बिघाड बेअरिंगचे आहेत. आपल्याकडे पवनवीज मुख्यतः पावसाळ्यातल्या वाऱ्यावर होते. त्या दिवसांत गियरबॉक्स उतरवायची वेळ आली, तर घाटातून मोठी क्रेन चढेपर्यंत हंगामच हातचा जातो.

आयएसओ २८१ मध्ये बेअरिंगचे आयुष्य एल-१० या मापाने काढतात. तेवढ्या काळात शंभरातली नव्वद बेअरिंग टिकावीत, असा त्याचा अर्थ. हे गणित पोलादाच्या नेहमीच्या थकव्यासाठी आहे. आमच्यासमोरचा बिघाड वेगळा आहे आणि तो या हिशेबाच्या फार आधी येतो. सुमारे १ टक्का कार्बन व १.५ टक्के क्रोमियम असलेल्या कडक पोलादात, पृष्ठभागाखाली, तड्यांचे जाळे पसरते. कापलेला तुकडा घासून त्यावर नायटल, म्हणजे नायट्रिक आम्ल व अल्कोहोलचे मिश्रण, लावले की आजूबाजूचे पोलाद काळवंडते. तड्यालगतचा पट्टा मात्र पांढराच राहतो. तिथले स्फटिक नॅनोमीटरच्या मापाचे होऊन पोलाद अधिक कठीण झालेले असते. हाच ‘व्हाइट एचिंग क्रॅक’.

रोलरची घसरण, तेलातील रसायने, पोलादात शिरणारा हायड्रोजन, बेअरिंगमधून वाहणारा विद्युतप्रवाह, शाफ्टवर उलटसुलट येणारा भार अशी अनेक कारणे अभ्यासक मांडतात. एका कारणावर एकमत नाही. म्हणूनच न तपासता “देखभाल नीट नव्हती” असा शेरा मारणे अशास्त्रीय आहे आणि अन्यायाचेही आहे. यासाठी आमच्या मागण्या अशा :

१. तडकलेले बेअरिंग भंगारात जाऊ नये. मुदतीआधी निकामी झालेले प्रत्येक बेअरिंग, त्याच गियरबॉक्समधील तेलाच्या नमुन्यासह, मालक, उत्पादक व देखभाल पथक यांच्यासमोर सीलबंद व्हावे. रेस, म्हणजे बेअरिंगचे कडे, फुटून तुकडे झाले की तड्याचा उगम शोधणे कठीण होते. म्हणून आवाज किंवा कंपन वाढताच बेअरिंग काढण्याची मुभा करारात असावी.

२. तपासणी स्वतंत्र प्रयोगशाळेत आणि ठरलेल्या पद्धतीने व्हावी. आधी अल्ट्रासोनिक चाचणी, मग ओळीने अनेक छेद, नायटल आणि सूक्ष्मदर्शक. हे तडे इतके बारीक असतात की एकाच छेदात ते निसटू शकतात. एका छेदात काही दिसले नाही, म्हणून तडा नव्हता असा निष्कर्ष अहवालात मान्य होऊ नये. अहवाल सर्व पक्षांना एकाच वेळी मिळावा.

३. हा बिघाड मुद्दाम घडवून पाहणारी चाचणीयंत्रे देशातल्या सार्वजनिक संस्थेत उभारावीत. अमेरिकेतील आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत एका रोलरवर तीन रिंगा दाबून, ठरावीक घसरण देऊन असे तडे निर्माण केले गेले आहेत. जर्मन मानकातील एफई-८ यंत्रावर प्रत्यक्ष बेअरिंग विशिष्ट तेलात फिरवून तेच साधता येते. वर्षांचा बिघाड दिवसांत दिसला, तरच दोन तेलांची, काळ्या ऑक्साइडच्या लेपाची किंवा कार्बुराइज्ड पोलादाची खरी तुलना होईल.

४. चाचणीच्या निकालासोबत भार, वेग, तापमान, घसरण आणि तेलाचे नाव जाहीर व्हावे. प्रयोगशाळेतला तडा पठारावरच्या तड्याशी जुळतो का, हे पडताळण्यासाठी ग्रिड जाणे, अचानक ब्रेक लागणे व जनरेटर जोडला जाणे यांच्या नोंदी उत्पादकांनी खुल्या कराव्यात. त्याविना चाचणीचा निकाल खरेदीचा आधार ठरू नये.

५. अहवाल येईपर्यंत तंत्रज्ञावर ठपका ठेवू नये, त्याच्या पगारातून किंवा कंत्राटदाराच्या बिलातून कपात करू नये आणि मालकाची वॉरंटी नाकारू नये. सर्व अहवालांची एक राष्ट्रीय नोंदवही असावी. एका पठारावर कळलेले कारण दुसऱ्या पठारावरच्या पथकाला पुन्हा नव्याने शोधावे लागू नये.

पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या मागणीला नवी यंत्रे लागत नाहीत. मंत्रालयाच्या एका परिपत्रकाने त्या येत्या पावसाळ्याआधी लागू होऊ शकतात. तिसऱ्या व चौथ्या मागणीसाठी उत्पादक, मालक, संशोधक आणि आमचे प्रतिनिधी यांची समिती नेमावी. नमुने गोळा करण्याचे, नोंदी ठेवण्याचे आणि पवनचक्कीच्या माथ्यावरच्या नॅसेलमध्ये चढून दाखवण्याचे काम आम्ही आनंदाने करू.

आपले,
पदाधिकारी व सभासद,
पवनचक्की देखभाल अभियंते व तंत्रज्ञ