एक जूनचें पीक

मृग बरसो न बरसो, आमच्या गांवीं जूनच्या पहिल्या तारखेस एक पीक हमखास येतें, तें वाढदिवसांचें. यंदाहि तें जोरांत आलें. चौकांतल्या एकाच फ्लेक्सवर सरपंच, त्यांचे चुलते, सोसायटीचे चेअरमन आणि दोन माजी सैनिक फेटे बांधून उभे. पांचांचाहि जन्म एक जूनचा! शहरांतून आलेल्या एका पाहुण्यानें आम्हांस विचारलें, "मास्तर, बाकीच्या महिन्यांत तुमच्या गांवांत पाळणे हालतच नाहींत काय?"

हालतात, पाहुणे. पण जुन्या मास्तरांची लेखणी जूनांतच हाले. पोराचें वय पाहण्याची त्या काळची रीत अशी, कीं उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरतां आला कीं तें सहा वर्षांचें झालें. मास्तर चालू सालांतून सहा वजा करीत, आधीं १ जून लिहीत आणि पुढच्या पोरास हांक मारीत. शाळा जूनांत भरे, तेव्हां सहा वर्षें बरोबर पूर्ण! लांब हातांचीं पोरें लौकर शाळेंत बसलीं, आंखूड हातांचीं आणखी वर्षभर गुरांमागें राहिलीं.

गंमत आहे खरी, आणि आम्हीहि हंसतों. आमचा स्वतःचा दाखलाहि एक जूनचाच आहे. पण जुनें रजिस्टर चाळलें कीं एक गोष्ट डोळ्यांत खुपते. सगळींच पोरें एक जूनला जन्मलेलीं नाहींत. ज्यांच्या घरीं जोशीबुवा पाटावर बसून पत्रिका मांडीत, त्यांच्या तारखा वर्षभर विखुरलेल्या आहेत. कुणब्याच्या दारीं बुवा आले तर नांवाचें अक्षर सांगून शिधा घेऊन गेले. गांवकुसाबाहेर तर तेंहि नाहीं.

आणि आईला मात्र सारें ठाऊक! "थोरला पानशेत फुटलें त्या दिवशींचा, मधला कोयनेच्या भूकंपाला आठ दिवसांचा होता, धाकटी बहात्तरच्या दुष्काळांत खडी फोडतांना झाली." पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलें, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटेचा. वजाबाकी येणाऱ्या मास्तरास तारीख काढावयास एवढें पुरे होतें. पण बाईमाणसाच्या आठवणीस पुरावा कोण म्हणतो? तिला उत्तर मिळे, "तारीख सांगा, गोष्टी नकोत."

आमचे एक शेजारी कोयनेच्या भूकंपाला आठ दिवसांचेच होते. कारकून म्हणून नोकरी केली. दाखल्यावर १ जून १९६७. अठ्ठावन्नाव्या वर्षीं निवृत्ति, त्यांत ज्याचा जन्म एक तारखेचा त्यास आदल्या महिन्याच्या अखेरीसच नारळ; म्हणून ३१ मे २०२५ ला ते घरीं बसले. आईचा हिशोब धरला असता तर डिसेंबरअखेर खुर्ची होती. सात महिन्यांचा पगार गेला, तोहि मुलीच्या लग्नाच्या वर्षीं. दुरुस्तीचा अर्ज नोकरी लागल्यापासून पांच वर्षांच्या आंत करावा लागतो. यांना कळलें तेव्हां वीस झालीं होतीं. उलट ज्यांना मास्तरांनीं दोन वर्षें लहान करून टाकलें, त्यांनीं दोन वर्षें जास्त पगार खाल्ला. त्यांची मास्तरांविरुद्ध एकहि तक्रार आमच्या ऐकण्यांत नाहीं.

२०२३ पासून कुणबी नोंदी शोधावयास लोक हींच रजिस्टरें उघडूं लागले. जातीच्या रकान्यांत पणजोबा सांपडले कीं पेढे वांटतात. शेजारच्या तारखेच्या रकान्याकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. जातीचा रकाना मात्र कोणा मास्तरानें पोराला कान धरावयास लावून भरला नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें!

हल्लीं बाळंतपणें दवाखान्यांत होतात व जन्माचा दाखला मिळतो. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नांवापुढें आधीं आईचें नांव, मग बापाचें, असा राज्य सरकारचा नियम झाला आहे. हीं पोरें २०३० च्या जूनांत आमच्याकडे पहिलीला येतील. दाखला समोर असला तरी आम्ही नांव लिहून घेतांना आईला विचारणार आहों, पोर कोणत्या पावसांत झालें तें.