सीमेपलीकडचा टॉवर

रोमिंग काय असतं, हे आपल्या भागाला वेगळं सांगावं लागत नाही. सौंसरहून सावनेरकडे निघालं की मध्य प्रदेशचं सर्कल संपून महाराष्ट्राचं लागायचं आणि नागपुरात दवाखान्याच्या रांगेत उभं असताना घरचा फोन उचलायलाही पैसे पडायचे. १ मे २०१५ पासून ट्रायने त्या इनकमिंगची कमाल मर्यादा मिनिटाला ७५ पैशांवरून ४५ पैशांवर आणली. पुढे २०१६-१७ च्या स्पर्धेत कंपन्यांनी देशातलं रोमिंग बंदच करून टाकलं.

परदेशात मात्र ते आहेच, आणि आकडा पैशांत नसतो. आता आपल्या घरांतून आईबाबा लेकीच्या बाळंतपणाला, नातवंडांना भेटायला निघतात. त्यांचा फोन तयार करून देणारे तुम्हीच असता, म्हणून हे तुमच्यासाठी.

बिल फुगतं ते बहुधा बोलण्यामुळे नाही. फोन खिशात असतानाही फोटोंचा बॅकअप, ॲपचे अपडेट चालूच असतात. भर म्हणून कुटुंबाच्या ग्रुपवरच्या सुप्रभाताच्या चित्रांची. तेव्हा निघण्याआधी सेटिंगमध्ये डेटा रोमिंग बंद करा आणि व्हॉट्सॲपमध्ये 'रोमिंगमध्ये असताना' आपोआप काहीही डाउनलोड होणार नाही असं ठेवा.

पण म्हणून भारतातलं सिम काढून डब्यात ठेवू नका! बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येणार. सिम फोनमध्ये राहू द्या, त्यावर इंटरनॅशनल रोमिंग सुरू आहे का आणि येणाऱ्या एसएमएसला पैसे पडतात का, हे कंपनीला विचारा. प्रीपेड असेल तर परत येईपर्यंतची व्हॅलिडिटी आधीच भरा. इंटरनेटसाठी तिथलं सिम किंवा ई-सिम घ्या. फोन ई-सिम घेतो का, हे स्टार-हॅश-०६-हॅश डायल केल्यावर कळतं: ईआयडी नावाचा लांब आकडा दिसला तर घेतो. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरवर चालू राहतं. नंबर बदलायचा का असं विचारलं तर 'नाही' म्हणा.

दोनचार दिवसांचीच सहल असेल तर कंपनीचा रोमिंग पॅक सोयीचा. त्यात देशांची यादी नीट वाचा. अमेरिकेचा पॅक घेतला आणि मध्ये दोह्याला पाच तास थांबायचं असेल, तर दोहा त्या यादीत असेलच असं नाही. विमानातलं आणि क्रूझवरचं नेटवर्क तर वेगळंच असतं, तिथे फ्लाइट मोड बरा.

युरोपात आणखी एक गंमत आहे. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघात एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा पैसे न देता चालतं. पॅरिसला घेतलेलं सिम रोममध्येही चालेल. पण स्वित्झर्लंड त्या संघात नाही, आणि आपल्या टूरवाल्यांचा कार्यक्रम तर टिटलिसच्या बर्फाशिवाय पुरा होत नाही. शिवाय सीमेजवळ फोन पलीकडचा टॉवर आपणच पकडतो, तुम्ही सीमा ओलांडली नसली तरी. अशा ठिकाणी नेटवर्क 'ऑटोमॅटिक' न ठेवता हाताने निवडा.

आणि आईबाबांच्या फोनमधले सगळे नंबर +९१ लावून सेव्ह करून द्या. विमानतळावर उतरल्यावर नुसते दहा आकडे फिरवून फोन लागत नाही, आणि तिथे ते समजावून सांगायला तुम्ही जवळ नसता.