गृहव्यवस्था : पोलादी सांगाड्यावरचे घर

अमेरिकेत ज्यास ‘मोबाइल होम’ म्हणतात, ते घर कारखान्यात तयार होते, पोलादी सांगाड्याला चाके लावून रस्त्याने आणले जाते आणि एकदा जागेवर बसले की बहुधा तेथेच आयुष्य काढते. १५ जून १९७६ पासून अशा घरांना केंद्रीय बांधकाम संहिता लागू झाली. त्यापूर्वीच्या घराची पाहणी अधिक बारकाईने करावी. घर स्वतःचे आणि खालची जमीन भाड्याची, अशी स्थिती तेथे पुष्कळदा असते. कुटुंबाची पुंजी त्या पातळ भिंतींतच गुंतलेली असते, आणि छतावरचा एक तपकिरी डाग तिला पोखरू लागतो.

याचे कारण पायाखाली आहे. अनेक जुन्या घरांत फरशीच्या आवरणाखाली लाकडी भुशाच्या दाबीव फळ्या असतात. पाणी मुरले की त्या फुगतात, भुसभुशीत होतात, आणि वाळल्या तरी त्यांचे मूळचे बळ परत येत नाही. म्हणून डाग पुसण्याआधी पाणी कोठून आले ते शोधावे. छतावर डाग असेल तर वरच्या झरोक्यांभोवतीचे आणि पत्र्याच्या जोडांचे लुकण तडकले आहे का ते पाहावे. मात्र गळती डागाच्या नेमक्या वर असेलच असे नाही. पाणी उतार धरून दूरवर जाते. १९७८ ते १९९५ या काळातील घरांत पॉलिब्यूटिलीनचे, बहुधा करड्या रंगाचे नळ आढळतात. त्यांचे सांधे दगा देतात. तेथे ठिगळ लावत बसण्यापेक्षा नळ बदलणे शहाणपणाचे.

गळती थांबून छत पूर्ण वाळल्यावरच रंगाचा विचार करावा. साधा पाण्याचा रंग दिला तर डाग काही दिवसांत पुन्हा वर येतो. त्यावर डाग रोखणारा अस्तररंग लागतो. त्यांतील नावाजलेला प्रकार लाखेचा असतो, आणि लाख कीटकांपासून मिळते. ज्या घरात ती वर्ज्य मानतात, तेथे तेलाचा अस्तररंग वापरता येतो.

फरशीची परीक्षा सोपी आहे. शौचपात्राभोवती, न्हाणीच्या कडेला आणि बाहेरच्या दारापाशी पेचकसाचे टोक दाबून पाहावे. ते रुतले तर वरून नवा गालिचा अंथरणे म्हणजे खड्ड्यावर चादर घालणे होय. कुजलेला भाग दोन्ही बाजूंच्या तुळयांपर्यंत कापून काढावा, तुळया धड असल्याची खात्री करावी आणि त्याच जाडीचे प्लायवुड स्क्रूने बसवावे. घराच्या पोटाखाली ताणलेले आवरण फाटले असल्यास तेही त्याच वेळी चिकटवावे. तेथून ओल आणि उंदीर दोन्ही आत येतात.

भिंती बहुधा व्हिनाइलचा थर दिलेल्या जिप्समच्या असतात. त्या खरखरीत घासणीने घासू नयेत. ओल्या मऊ फडक्यावर खाण्याचा सोडा घेऊन डाग हळूहळू उतरवावा. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. भिण्याचे कारण नाही, क्षाराशी हळदीचा रंग असाच पालटतो. ऊन पोहोचत असेल तर तो डाग फिका पडत जातो. बुरशीसाठी ब्लीच वापरणाऱ्यांनी ते व्हिनेगर वा अमोनियाच्या द्रवात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. १९७८ पूर्वीच्या घरातील रंगात शिसे असू शकते, तेथे सुका रंग खरवडणे टाळावे.

दार अडकू लागले की पुष्कळजण लगेच रंधा हाती घेतात. घर ज्या खांबांवर टेकले आहे ते खचले असतील तर चौकट तिरकी होते आणि दार निर्दोष असूनही अडकते. आधी पाणसळ लावून घर समतल आहे का ते पाहावे. समतल करण्याचे काम मात्र जाणत्या कारागिराकडेच द्यावे. जॅकवर तोललेल्या घराखाली कोणी शिरू नये. नवे दार वा खिडकी आणायची झाल्यास जुन्याचे माप सोबत न्यावे, कारण या घरांची मापे साध्या दुकानातील मापांशी अनेकदा जुळत नाहीत.