पाणी सुटते, पण दोष झुकिनीचा नाही



झुकिनीच्या नूडल्स पाणचट लागतात, म्हणून पास्त्याला हा पर्याय निरुपयोगी आहे, असे मत गेल्या अंकातील पत्रात वाचले. ताटात पाणी साचते ही तक्रार खरी आहे, पण निष्कर्ष पटत नाही.

झुकिनीत सुमारे ९५ टक्के पाणी असते. पास्त्यासारखी ती उकळली, तर लगदाच होणार. नूडल्सना मीठ लावून वीसेक मिनिटे चाळणीत ठेवावे, फडक्यात हलके पिळावे आणि पसरट कढईत मोठ्या आचेवर मिनिट-दोन मिनिटेच परतावे. एका वेळी थोड्याच घालाव्यात, नाहीतर त्या वाफेवर शिजतात. टोमॅटोचा सॉस वेगळा आटवून, त्यात मीठ कमी ठेवून, अगदी वाढताना मिसळावा.

मात्र मधुमेहींनी ध्यानात घ्यावे, की स्पायरलायझरमधून (भाजीच्या नूडल्स काढणाऱ्या साधनातून) काढलेली प्रत्येक भाजी कमी कर्बोदकांची नसते. १०० ग्रॅम शिजलेल्या पास्त्यात कर्बोदके साधारण ३० ग्रॅम, तर तेवढ्याच कच्च्या झुकिनीत तीनेक ग्रॅम असतात. गाजर-बिटात ती दहाच्या आसपास, रताळ्यात वीसच्या घरात जातात.

झुकिनीत प्रथिने जेमतेम एक टक्का असल्याने सोबत पनीर, अंडी किंवा चिकन हवेच, नाहीतर तासाभरात पुन्हा भूक लागते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी असा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. एवढी काळजी घेतली, तर मधुमेहींना सॉसची चव सोडावी लागत नाही. त्यांना या पदार्थापासून परावृत्त करू नये, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक