एक दार बंद झाले, बाकीची ठोठावली का?

मृग लागला की वाटूरच्या घरांत दोन खर्च एकदमच येतात: बी-बियाण्याचा आणि शाळेचा. बियाणे उधारीवर मिळते. वह्या, दप्तर, बूट आणि गाडीभाड्याला रोख पैसे लागतात. मग कुणाची तरी शाळा ‘या वर्षी राहू द्या’वर येते. बहुतेक वेळा मुलीची.

2022 मध्ये केंद्र सरकारने अल्पसंख्याकांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी बंद केली. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत आहे, हे कारण दिले गेले. गाडीभाडे मोफत नाही, हे आपण सांगत राहूच. पण त्या दिवसापासून मोहल्ल्यात समज पसरला की आता आपल्या मुलांना काहीच मिळत नाही. हा समज चुकीचा आहे. ‘अल्पसंख्याक’ असे लिहिलेल्या एका दारापाशी आपण थांबलो. विद्यार्थी म्हणून, गरीब म्हणून, ओबीसी म्हणून उघडी असलेली दारे पाहिलीच नाहीत.

आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस परीक्षा आहे. शाळा सरकारी किंवा अनुदानित, सातवीत 55 टक्के आणि पालकांचे उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत असावे. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये, म्हणजे एकूण 48,000. पेपर उर्दूतही देता येतो.

आई किंवा वडील हयात नसलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे: दरमहा 2,250 रुपये. अर्ज जालन्याच्या महिला व बालविकास कार्यालयात.

बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. त्यासाठी लढणारे शब्बीर अन्सारी आपल्याच जालन्याचे. सरकारी शाळेतील नववी-दहावीच्या ओबीसी मुलांना, घरचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्यास, पीएम यशस्वी योजनेत वर्षाला 4,000 रुपये आहेत. जातीच्या दाखल्याला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा आताच शोधा. अनेक उताऱ्यांत जातीच्या जागी नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले सापडते; मग दुसरी जुनी कागदपत्रे काढावी लागतात आणि त्यात महिने जातात.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. शाळेत ‘शेख आयेशा शेख युनूस’ आणि आधारवर ‘आयेशा युनूस शेख’ असेल, तर माणसाला ती एकच मुलगी दिसते, संगणकाला दोन. बँक खाते आधारशी जोडलेले नसेल तर मंजूर झालेले पैसेही पोहोचत नाहीत. अर्ज अडतो तो बऱ्याचदा इथेच, आणि हे काम आपल्यासारखे फोन हाताळणारे तरुणच करू शकतात.

म्हणून या जूनमध्ये प्रत्येकाने पाच मुले वाटून घ्यावीत. जुम्याच्या नमाजनंतर मस्जिदीबाहेर एक टेबल मांडा. नाव, खाते, परतूर तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, एवढे तपासा. आठवीची मुले वेगळी लिहून घ्या आणि त्यांच्या मुख्याध्यापकांना आजच भेटा, कारण एनएमएमएसचा अर्ज शाळेमार्फतच जातो.

सदक्यातून वह्या जरूर वाटा. पण वह्या दिवाळीपर्यंत संपतात. वेळेत आणि बिनचूक भरलेला एक अर्ज एखाद्या मुलीला बारावीपर्यंत नेऊ शकतो.