साक्ष खरी, पण लागू कोणास?

शेतकऱ्यांच्या मुलाखतींवर आधारलेल्या अनेक संशोधनांचा एकत्र आढावा घेऊन धोरण ठरविणे योग्यच. परंतु साक्ष खरी असली म्हणजे ती प्रस्तुत प्रश्नास लागू पडतेच, असे नव्हे. कोकणच्या भातखाचरातील अनुभव वऱ्हाडच्या कोरडवाहू कापसास कितपत लावावा? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या व मुख्यत्वे आरोग्यविषयक निर्णयांसाठी वापरल्या जाणाऱ्या 'सर्क्वल' पद्धतीत प्रस्तुतता ही चार कसोट्यांपैकी एक आहे. दुसऱ्या मुलखाची साक्ष अप्रत्यक्ष. केवळ विहीरवाल्यांस विचारून साऱ्या गावाचा निष्कर्ष काढिल्यास ती आंशिक. ठावठिकाणाच न कळल्यास संदिग्ध. अशी साक्ष टाकून देऊ नये. तिजवरील भरवसा मात्र त्या मानाने कमी धरावा. रान कोणते, पाणी किती, बोलला कोण, हे न सांगणाऱ्या अहवालाच्या आधारे शेतकऱ्यांसाठींचा पैसा खर्चू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.